वयाच्या खात्यावर

आमच्या सासऱ्यांच्या पेढीवर एक खातं होतं, 'किरकोळ'. ज्या रकमेचा मेळ लागत नाही ती तिथं ढकलायची. दिवाळीत वह्या पुऱ्या करताना हे किरकोळ एवढं फुगलेलं असायचं की सासरे दिवाणजींकडं चष्म्यावरून बघत विचारायचे, "हे एवढं किरकोळ कुठनं आलं हो?" घरातल्या म्हाताऱ्या बायकांच्या अंगाचा हिशेब आम्ही असाच ठेवतो. तिथं खात्याचं नाव तेवढं वेगळं. 'वय'. हातावर तपकिरी डाग पडले, वय. बुबुळाभोवती राखाडी कडं आलं, वय. पिंढरीची कातडी काळवंडली, डोळ्याचं पांढरं पिवळट झालं, बाहुलीत ढग उतरला, सगळं वय. आणि या खात्याकडं चष्म्यावरून बघणारं घरात कुणी नसतं.

मी डॉक्टर नाही. बी. ए. होऊन लग्न केलेली, निपाणीत संसार केलेली बाई आहे. तरी या विषयावर चार शब्द कडक बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते, कारण या खात्यावर एक मोठी खोटी रक्कम मी माझ्या हातानं मांडलेली आहे.

सासरे गेल्यावर आत्ती पांढरी साडीच नेसायच्या. मांजरपाटासारखी साधी, पण स्वच्छ. देवदर्शनाला जाताना तर त्या साडीवर सुरकुती चालायची नाही. सत्तरी ओलांडली आणि त्यांनी एक पालुपद धरलं. "साडी पिवळी पडलीया बघ. धुतीस का नुसती बुडवून काढतीस?" मी साबण बदलला. मग दुसरा बदलला. मग नीळ वाढवली. वाळत घातलेली साडी हातात घेऊन त्या उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "ह्येला पांढरं म्हणत्यात व्हय?" मी आणखी चार थेंब नीळ घालायची. हे चार वर्षं चाललं. धाकट्या जावेसमोर, माहेरच्यांसमोर, देवळात भेटलेल्या बायकांसमोर मी कामचुकार ठरले. मीही कमी नव्हते. बहिणीला फोनवर सांगायची, "काही नाही गं, वय झालं त्यांचं. किरकिर वाढलीया."

त्यांनी मला आळशीपणाच्या खात्यावर टाकलं, मी त्यांना वयाच्या. चूक दोघींचीही नव्हती. चूक होती त्यांच्या डोळ्यातल्या, मसुराएवढ्या आकाराच्या भिंगाची. जन्माला येताना हे भिंग काचेसारखं नितळ असतं. उन्हानं, धुरानं, साखरेच्या आजारानं आणि हो, वर्षं उलटल्यानंही ते हळूहळू पिवळं पडतं, मग तपकिरी होतं. पिवळ्या काचेतून निळा प्रकाश नीट आत येत नाही. म्हणून पांढरं पिवळं दिसतं, निळं काळपट दिसतं, आणि ज्याचा डोळा आहे त्याला यातलं काही कळत नाही, कारण बदल रोज केसभर होतो. फ्रान्समधल्या क्लोद मोने या मोठ्या चित्रकाराचं असंच झालं होतं. मोतीबिंदू वाढेल तशी त्याची चित्रं लाल-तपकिरी होत गेली. १९२३ साली त्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्याच्या चित्रांवर पुस्तकं निघाली, जाणकारांनी चर्चा केल्या. आत्तींच्या पिवळ्या साडीवर चर्चा झाली ती फक्त माझ्या आळशीपणाची.

एका चातुर्मासात मात्र गोष्ट साडीपुरती राहिली नाही. आमच्याकडं धान्य निवडायचं काम आत्तींचं. ते काम त्यांनी कुणाला दिलं नव्हतं. पाणी गाळून घ्यायचं, तांदूळ तीनदा निवडायचे, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. त्या दिवशी शिजलेल्या भातात अळी निघाली. नातवाच्या पानात. आत्ती काही बोलल्या नाहीत. ताट बाजूला सारलं आणि देवघरात जाऊन बसल्या. मी मागनं गेले तर डोळ्याला पदर लावून म्हणतात, "माझ्या हातनं जीव गेला गं. मला दिसलीच न्हाई." मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि काय म्हटलं असेल? "असू द्या आत्ती, वय झालं."

बाई गं, किती सोयीचा शब्द आहे हा!

त्यानंतर घरात डोळ्याचा विषय निघाला, तेव्हा बाहुलीत पांढुरकं दिसतंय हे सगळ्यांनी मान्य केलं. आणि लगेच सगळे वैद्य झाले. "मोतीबिंदू आहे. अजून कच्चा आहे. पिकू दे." हे 'पिकू दे' आमच्या भागात अजून ठामपणे सांगतात, जणू आढीत घातलेला आंबा आहे. एके काळी त्यात तथ्य होतं. तेव्हाच्या ऑपरेशनमध्ये अख्खं भिंग काढून टाकत, दुसरं बसवत नसत, नंतर जन्मभर बाटलीच्या बुडासारखा चष्मा लागायचा. आमच्याच बिळगीचे डॉ. एम. सी. मोदी गावोगाव शिबिरं घेऊन एकेका दिवसात शेकडो डोळे उघडायचे. आमच्या आजीच्या पिढीनं त्यांना देवासारखं मानलं ते उगाच नाही. पण तो काळ गेला. आता बारीक छेद घेऊन जुनं भिंग काढतात आणि तिथंच नवं बसवतात. रोजच्या कामात अडचण यायला लागली की ऑपरेशन करावं, पिकायची वाट बघू नये, असं कुठलाही डोळ्यांचा डॉक्टर सांगेल. उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढायला अवघड जातो, आणि कधी भिंग फुगून किंवा पाझरून डोळ्यातला दाब वाढतो, डोळा लाल होतो, ठणकतो, हातचा जातो. आम्ही पन्नास वर्षांपूर्वीचा सल्ला जपून ठेवलाय आणि त्या पन्नास वर्षांत आलेलं औषध मात्र ऐकायला तयार नाही.

आत्तींचा 'पिकायला' ठेवलेला काळ दोन वर्षांचा. शेवटी मीच हट्टानं नेलं. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आणलं तर त्या परड्यात उभ्या राहिल्या, दोरीवरची साडी हातात घेतली, आणि ओरडल्या, "अगं बया! साडी निळी का केलीस?" मी धावत गेले. साडी खरोखरच निळसर होती. चार वर्षांची नीळ बसली होती तिच्यात. मलाही सवयीनं दिसत नव्हती. आधी त्या हसल्या, मग मी, मग दोघीही गप्प झालो.

डाव्या डोळ्याबद्दल डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. तिथं मोतीबिंदू होता तो होताच, पण मागं काचबिंदूही होता. डोळ्यातल्या दाबानं नस सुकलेली. नजर कडेनं आत अशी गोळा होत गेलेली, दुखलं नाही, लाल झालं नाही. त्या दाराच्या चौकटीला डावा खांदा आपटायच्या, जिन्याच्या कठड्याला ठेचकाळायच्या. आम्ही म्हणायचो, 'तोल जातो आता'. मोतीबिंदूनं गेलेली नजर परत मिळते. काचबिंदूनं गेलेली मिळत नाही, उरलेली तेवढी रोजच्या थेंबांनी राखता येते. वेळेवर दाब मोजला असता तर? डॉक्टर हे बोलले नाहीत. सभ्य माणूस. मी मनात बोलले आणि अजून बोलते.

आता ज्यांच्याशी मला भांडायचंय त्यांच्याकडं येते. एक आमच्या नात्यातले वडीलधारे आहेत, स्वाध्याय करणारे, मान असलेले. आत्तींच्या डोळ्यांबद्दल ते मला म्हणाले, "देह म्हणजे पुद्गल. त्याचे रंग बदलणारच. आत्म्याकडं बघावं." स्वतः दर महिन्याला कोल्हापूरला जाऊन रक्तदाब तपासून येतात. त्यांचं पुद्गल मोलाचं, बाईचं पुद्गल बदलणारं!

अशा वेळी मला भोज आठवतं. निपाणीपासून जवळच, दूधगंगा-वेदगंगेच्या काठचं गाव. चारित्र्यचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज तिथले. त्यांनी अंगावरचं वस्त्रसुद्धा सोडलं होतं. देहाची आसक्ती कुणी सोडली असेल तर त्यांनी. पण १९५५ साली त्यांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली ती कशापायी? नजर मंदावली म्हणून. चार हात जमीन निरखून पाऊल टाकायचं ही ईर्यासमिती पाळता येईना, पायाखाली जीव जाईल, म्हणून. सल्लेखना हा साधूचा मार्ग, आम्हा संसारी माणसांनी त्यावर बोलू नये. मला एवढंच दिसतं की ज्यानं सगळं सोडलं त्यानं डोळ्याची किंमत कमी लेखली नाही. डोळा गेला तर अहिंसा जाते हे त्यांना कळलं. माझ्या आत्तींना भातातल्या अळीनं तेच कळलं होतं. त्यांच्या रडण्यात मोठा धर्म होता, आणि आम्ही त्याला वय म्हटलं. आत्म्याकडं बघायला सांगणाऱ्यांनी आधी घरातल्या बाईच्या डोळ्यात टॉर्च मारून बघावं.

दुसरं भांडण आहे ते 'वय' या शब्दाआड काय काय दडवतात त्याच्याशी. निपाणी म्हणजे तंबाखू. माझ्या घराच्या मागच्या गल्लीत वखारीत राबून म्हाताऱ्या झालेल्या बायका आहेत. तोंडाला फडकं बांधून जर्दा चाळणं, काड्या निवडणं, धुळीच्या ढगात दिवस काढणं, नाहीतर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणं. याच बायकांनी सत्तरीच्या दशकाच्या शेवटी संघटना बांधली, संप केले. त्यांच्यावर 'युगांतर' या बायकांच्या गटानं १९८२ साली 'तंबाकू चाकिला उब आली' हा माहितीपट काढला. अनिल अवचटांनी इथं येऊन त्यांच्यावर लिहिलं. त्या बायकांचे डोळे लाल, चुरचुरणारे, बोटांची कातडी पिवळी-काळी. त्यातल्या एकीला मी विचारलं, मावशी, हे हात असे कशानं झाले? ती म्हणाली, "वय झालं की ओ बाई." तिनं स्वतःच खातं बदललं होतं! चाळीस वर्षं जी धूळ डोळ्यात गेली तिचा मालक कुणी नाही. आणि मी हे लिहिते तेव्हा मला ठाऊक आहे की माझ्या सासऱ्यांची पेढीही याच तंबाखूवर चालली. किरकोळ खात्यात काय काय जायचं ते मी विचारलं नव्हतं.

चुलीचंही तेच. ओल्या जळणाच्या धुरात उमेद घालवलेल्या बायकांना मोतीबिंदूचा धोका जास्त असतो. बांधावर, ऊसतोडीला, तंबाखूच्या फडात उन्हात राबलेल्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूनं मांसाचा पडदा बुबुळावर सरकतो, हाताच्या पाठीवर तपकिरी ठिपके पडतात. ते ऊन आहे, धूर आहे, मजुरी आहे. वर्षं नुसती साक्षीदार.

पण उलटीकडूनही सांगायला हवं, नाहीतर माझं हे लिहिणं वाचून कुणी हातावरचा ठिपका बघून घाबरायचं. वयाचं खातं अगदीच खोटं नाही. बुबुळाच्या कडेचं राखाडी-पांढरं कडं साठीनंतर कितीतरी जणांना येतं, ती चरबीची रेघ असते, नजरेला काही होत नाही. तेच कडं चाळिशीच्या आत दिसलं तर मात्र कोलेस्टेरॉल तपासावं. हाताच्या पाठीवरचे सपाट तपकिरी डाग निरुपद्रवी असतात. 'लिव्हर बिघडलं म्हणून डाग आले' असं सांगून काढे विकणारे आहेत, त्यांना दारातनंच परत पाठवावं, लिव्हरचा त्या डागांशी संबंध नसतो. आत्तींच्या कोपराखाली जांभळे चट्टे उठायचे, नुसता भांड्याचा काठ लागला तरी. म्हातारपणी कातडी पातळ होते, आतल्या बारीक शिरा लवकर फुटतात, त्यातनं रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर जास्तच. एकदा त्यांची चुलतबहीण भेटायला आली, ते चट्टे बघितले आणि माझ्याकडं असं बघितलं की मी चहाचा कप खाली ठेवला. जाताना आत्तींना हळूच विचारत होती, "सून बरी वागवती न्हवं?" आत्तींनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

मग घाबरायचं कशाला? ज्याचा आकार, रंग, कड बदलते त्या तिळाला. खपली धरून न भरणाऱ्या जखमेला. फिक्या चट्ट्याला, ज्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही. घोट्याच्या वर काळ्या-तपकिरी झालेल्या, खाजणाऱ्या पिंढरीला. तिथं शिरांतलं रक्त साठून राहतं, झिरपतं, कातडीला रंग चढतो, आणि दुर्लक्ष केलं की महिनोन् महिने न भरणारा घाव होतो. जन्मभर ओट्याशी उभं राहिलेल्या किती बायकांच्या पायांवर हा रंग असतो ते लग्नात जोडवी बघताना मी बघून घेते, माझी खोडच आहे. मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा आला तर पोरीला 'मान घास' म्हणून बोलू नका, साखर तपासा. आणि पिवळे डोळे. चिकोडीकडच्या आमच्या एका पाहुणीचे डोळे पिवळे झाले, दुखत काही नव्हतं, म्हणून काविळीची माळ घातली. माळ रोज लांबत होती म्हणे, म्हणजे कावीळ उतरतेय. तीन आठवडे माळ लांबली. उतारवयात न दुखता आलेली कावीळ पित्ताच्या वाटेत गाठ असल्याची खूण असू शकते. तिच्या बाबतीत ती होती.

यातल्या कशालाच आमच्या घरांत वेळ नाही, पैसा नाही. पण डाग घालवायच्या क्रीमला आहे! १९७५ पासून आमच्या पिढीला गोरेपणाची ट्यूब विकली गेली. २०२० साली तिच्या नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' घातलं, ट्यूब तीच. आता मुलींच्या बरोबरीनं आयांना, आज्यांनाही गिऱ्हाईक केलंय. 'वय लपवा.' बाजारात बिननावाच्या डब्यांतून येणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो, तो कातडीतून आत जाऊन मूत्रपिंडावर बसतो. केरळात, आपल्या अकोल्यात असे रुग्ण निघाले. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देऊ नयेत असा नियम २०१८ मध्ये झाला, आमच्या बाजारात ती अजून मागाल तशी मिळतात. नातवाच्या लग्नात फोटोवाल्यानं आत्तींच्या चेहऱ्यावरचे, हातावरचे सगळे डाग पुसून अल्बम दिला. आत्तींनी भिंग घेऊन बघितलं आणि विचारलं, "ही कोण?" डाग पुसायला पैसे दिले आम्ही. डोळा तपासायला दोन वर्षं लावली. ज्या हातांनी तांदूळ निवडले ते हात आम्हाला अल्बममध्ये नको होते.

पैशाचं कारण कुणी सांगू नये. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे, सरकारी दवाखान्यात, शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. सीमाभागात आमची एक जास्तीची पंचाईत असते, ती खरी. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव जवळजवळ दुप्पट. पाय आपोआप कोल्हापूरकडं वळतात आणि रेशनकार्ड कर्नाटकाचं निघतं. २०२३ साली महाराष्ट्र सरकारनं इकडच्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, कर्नाटकानं हरकत घेतली. दोन सरकारं भांडली, पेपरात आलं. एका खिडकीवर मला कार्ड परत देत सांगितलं, तुमचं तिकडं. दुसऱ्या खिडकीवर कन्नडमधला फॉर्म हातात दिला. आत्तींना कन्नड चांगलं यायचं, मला अर्धंमुर्धं. पण फॉर्म वाचायला त्यांना डोळा हवा होता. तरीही माझं म्हणणं आहे, सीमेनं आमचा एखादा दिवस खाल्ला असेल. बाकीची वर्षं आमच्या उंबऱ्याच्या आतच गेली.

आत्ती त्यानंतर सहा वर्षं जगल्या. उजव्या डोळ्यानं पोथी वाचायच्या, धान्य पुन्हा निवडायला घेतलं. डावीकडनं कुणी आलं की दचकायच्या. रात्री थेंब घालताना मी त्यांची पापणी वर धरायची आणि रोज, चुकता न चुकता, त्या बुबुळाभोवतीचं राखाडी कडं बघायची. निरुपद्रवी असलेलं तेवढंच एक मी वर्षानुवर्षं टक लावून बघितलं.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात उतरतो. आई-बापाला असेल तर मुलांनी चाळिशीनंतर दाब मोजत राहावा. आत्तींचा मुलगा म्हणजे आमचे हे. साठीला आलेत. गेल्या आठवड्यात पेपर वाचताना मान डावीकडं वळवून वाचत होते. मी म्हटलं, सोमवारी डॉक्टरांकडं जायचं. पेपरातनं डोकं न काढता म्हणाले, "कशाला? वय झालं आता." मी पेपर ओढून घेतला. सोमवारची सकाळची वेळ घेतली आहे, दोघांची.